प्रिंटर ‘छापेना’ याला इंग्रजीत काय म्हणायचं? (ऑफिसच्या यंत्रांवरचे उतारे आणि माझं व्याकरण)

आवकजावक

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी एका ऑफिसात एकोणीस वर्षं आवक-जावकला होते. आलेलं पत्र रजिस्टरला चढवायचं, क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. पत्रं बहुतेक इंग्रजीतच असायची, पण मला त्यातला विषय, दिनांक आणि खालची सही एवढंच लागायचं. मधला मजकूर हा दुसऱ्यांचा प्रश्न. एकोणीस वर्षं इंग्रजी पत्रं हाताळून इंग्रजी न येणारी मी एकटीच नसेन.

गेल्या वर्षी रजिस्टर बंद झालं. आता पत्र स्कॅन करायचं, त्याला नाव द्यायचं, संगणकावर चढवायचं. आणि यंत्र अडलं की देखभालीच्या माणसांना इंग्रजीत मेल टाकायचा, हेही माझ्याच गळ्यात आलं, कारण यंत्रांच्या सगळ्यात जवळ मीच बसते.

म्हणून भाचीने तिचं एक अभ्यासपुस्तक दिलं. त्यातले सगळे उतारे ऑफिसातल्या यंत्रांवर आहेत. टाइपरायटर, फॅक्स, फोटोकॉपी, ई-मेल, पासवर्ड, सगळं. एक पानभर उतारा, खाली गाळलेल्या जागा आणि ‘चूक की बरोबर’. तीन महिन्यांत चौदा उतारे संपवले. वीसपैकी अठरा गुण पडतात, कधी एकोणीस. मी खूश होते.

मग परवा खिडकीजवळचा प्रिंटर बंद पडला आणि मी हा मेल लिहिला (इथे देवनागरीत देते, लाज थोडी कमी वाटते):

‘रिस्पेक्टेड सर, द प्रिंटर व्हिच इज निअर विंडो इट इज नॉट गिव्हिंग प्रिंट सिन्स मॉर्निंग. यस्टरडे ऑल्सो आय हॅव कम्प्लेन्ड. काइंडली डू द नीडफुल.’

साहेबांनी तो पुढे पाठवायच्या आधी पूर्ण पुसला आणि दोन ओळींत नवा लिहिला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान काय चुकलं ते तरी कळलं असतं.

आता प्रश्न. अठरा गुण मिळवणाऱ्या बाईला तीन वाक्यं का लिहिता येत नाहीत? दुसरं म्हणजे, हे उतारे मला फार सोपे जातात, कारण त्यातली यंत्रं मी रोज हाताळते. पुढे काय येणार ते वाचायच्या आधीच ठाऊक असतं. मग हे वाचन खरं वाचन आहे की मी स्वतःला फसवतेय? विषय बदलू का? आणि तिसरं, प्रिंटर ‘छापत नाही’ आणि ‘छापेना’ यात मराठीत जो फरक आहे, तो इंग्रजीत आहे का? मला मेलमध्ये ‘छापेना’ म्हणायचं होतं. सगळं करून पाहिलं होतं हो मी.

मोकळावेळ

व्याकरण सोडा आणि बोलायला लागा. लहान मूल व्याकरण शिकतं का? चुका झाल्या तर होऊ देत. उताऱ्याबितऱ्यांनी काही होत नाही.

आवकजावक

बोलू कोणाशी? माझ्या शेजारी प्रिंटर बसतो. मला लिहायचंच आहे, म्हणून तर विचारलं.

जुनाशिफ्ट

ताई, धागा वाचला आणि राहवलं नाही. मी टंकलेखक म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तेव्हा माझ्या टेबलावर संगणक होता. मधला सगळा प्रवास या बोटांनी केलाय, त्यामुळे तुमच्या पुस्तकातले निम्मे उतारे म्हणजे माझं चरित्र समजा.

आधी तुमचा मेल पाहू. गंमत अशी की तुमच्या चुका इंग्रजीच्या नाहीत. तुमचं मराठी उत्तम आहे आणि ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरलंय.

‘जो प्रिंटर खिडकीजवळ आहे, तो छापत नाही.’ मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो, नाहीतर वाक्य लंगडतं. म्हणून तुम्ही ‘व्हिच’ घातल्यावर इमानदारीने ‘इट’ही घातलात. इंग्रजीत ‘व्हिच’ आलं की ‘इट’ला जागा नसते. आणि इथे तर ‘व्हिच इज’सुद्धा नको. ‘द प्रिंटर निअर द विंडो’, एवढ्यात काम होतं.

‘यस्टरडे आय हॅव कम्प्लेन्ड’ही तसंच. आपण ‘मी काल तक्रार केली आहे’ असं बेलाशक म्हणतो. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘काल’ एका वाक्यात नांदत नाहीत. वेळ सांगितलीत की साधा भूतकाळ: ‘आय कम्प्लेन्ड यस्टरडे.’ वेळ न सांगता काम झालंय एवढंच कळवायचं असेल तर ‘आय हॅव कम्प्लेन्ड’. ‘सिन्स मॉर्निंग’चं नेमकं उलटं आहे. सकाळी सुरू झालेली भानगड अजून चालूच आहे, म्हणून तिथे ‘हॅव-हॅज’ हवं: ‘इट हॅजन्ट प्रिंटेड एनीथिंग सिन्स दिस मॉर्निंग.’ म्हणजे ‘हॅव’ तुम्ही घातलंत, फक्त चुकीच्या घरी.

‘गिव्हिंग प्रिंट’ नको. यंत्र प्रिंट ‘देत’ नाही, ते ‘प्रिंट’ करतं. तिथे ते क्रियापदच आहे.

आता ‘काढणे’ या शब्दाकडे लक्ष ठेवा, तो सगळ्यांना गोत्यात आणतो. आपण प्रिंट काढतो, झेरॉक्स काढतो, अडकलेला कागद काढतो, जुनी फाइल काढतो आणि मीटिंगमध्ये नको तो विषयही काढतो. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं. ‘प्रिंट इट आउट’, ‘मेक अ कॉपी’, ‘रिमूव्ह द पेपर’, ‘टेक आउट द फाइल’, ‘ब्रिंग इट अप’. आमच्याकडे एकाने साहेबांना विचारलं होतं, ‘सर, शाल आय रिमूव्ह युअर झेरॉक्स?’ साहेबांनी टेबलावरच्या कागदांवर हात ठेवला.

हे सगळं तुमच्या पुस्तकात आहे, मी पैजेवर सांगतो. मग लिहिताना का आठवत नाही? कारण गाळलेली जागा ही फार लाडावणारी गोष्ट आहे. वाक्य दुसऱ्याने उभं केलेलं असतं, तुम्ही फक्त शेवटची वीट बसवता. मेलमध्ये भिंत तुमची तुम्हालाच रचायची असते.

मी जे केलं ते सांगतो. उतारा वाचायचा आणि त्यातल्या चार-पाच वाक्यांचं साध्या मराठीत भाषांतर करून वहीत लिहायचं. मग पुस्तक मिटायचं. दोन दिवस थांबायचं, हे महत्त्वाचं, नाहीतर पाठांतर होतं. तिसऱ्या दिवशी त्या मराठीवरून परत इंग्रजी करायचं आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचं. जिथे फरक पडेल तिथेच तुमचा अभ्यास. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ‘द’ आणि ‘अ’ इतके लाल झाले होते की वहीला गोवर आल्यासारखी दिसायची.

उदाहरणं तुमच्याच विषयातली देतो. फॅक्सचा उतारा असेलच. अलेक्झांडर बेनने तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट १८४३ साली घेतलं. बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. म्हणजे फॅक्स टेलिफोनहून तेहतीस वर्षांनी मोठा! हे एकदा डोक्यात बसलं की ‘हॅड’ आपोआप बसतं: ‘व्हेन बेल पेटंटेड द टेलिफोन, बेन हॅड ऑलरेडी पेटंटेड हिज मशीन.’ दोन गोष्टी होऊन गेल्या, त्यातली आधीची कुठली ते ‘हॅड’ सांगतं. मराठीत आपण ‘घेतलं होतं’ म्हणतोच की. इथे तुम्हाला नवीन काही शिकायचं नाही, फक्त ओळख पटवायची आहे.

फोटोकॉपीचं बघा. चेस्टर कार्लसन पेटंटच्याच कामात नोकरीला होता, नकला करून कंटाळलेला. २२ ऑक्टोबर १९३८ ला त्याने कोरड्या पद्धतीची पहिली प्रत काढली. तिच्यावर तीच तारीख आणि ठिकाणाचं नाव होतं. पण ऑफिसात ठेवता येईल असं झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं १९५९ साली. एकवीस वर्षं! हे इंग्रजीत कसं येतं? ‘इट वॉज नॉट अनटिल १९५९ दॅट...’ शाळेत हा ‘नॉट अनटिल’ मला कधीच कळला नाही, कारण त्याचं भाषांतर ‘१९५९ पर्यंत नाही की’ असं करून शिकवायचे. तो आपला ‘तेव्हा कुठे’ आहे. ‘१९५९ साल उजाडलं, तेव्हा कुठे यंत्र बाजारात आलं.’ झालं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: विषय बदलू नका. अर्थ आधीच ठाऊक असेल तर डोळ्याला वाक्याची बांधणी बघायला सवड मिळते. अनोळखी विषयात निम्मा जीव अर्थ लावण्यातच जातो. अणुभट्टीवरचा उतारा वाचताना ‘द’ कुठे आहे हे कोण बघतं?

‘छापेना’वर मला नीट सांगता येणार नाही असं वाटतं, कोणी जाणकार येईल. एक अवांतर मात्र सांगतो. मेलमध्ये ‘सीसी’ टाकता ना? ते कार्बन कॉपी. आम्ही मूळ कागदाखाली पाच कार्बन घालायचो. सहावी प्रत वाचायची नसायची, चाचपायची. आणि एक अक्षर चुकलं की सहाही प्रतींवर खोडायचं, प्रत्येक कागदामागे चिठ्ठी सरकवून. त्या त्रासामुळे एक सवय लागली: वाक्य डोक्यात पुरतं झाल्याशिवाय बोट खाली जात नसे. संगणकावर बॅकस्पेस आहे म्हणून आपण अर्धवट वाक्यानिशी निघतो. तुमचा मेल वाचताना मला ते जाणवलं, राग मानू नका.

आवकजावक

काका, राग कसला! ‘जो-तो’ वाचून अक्षरशः कपाळावर हात मारला. एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ‘तेव्हा कुठे’ वहीत लिहून ठेवलं.

टोनरकाळेहात

मी त्या बाजूचा माणूस आहे ज्याला असे मेल येतात. प्रिंटर, कॉपियर, स्कॅनर दुरुस्त करतो. माझं शिक्षण बेताचंच, इंग्रजी शिकलो ते यंत्रांच्या पडद्यांवरून आणि सर्व्हिस मॅन्युअलमधून. म्हणून ‘छापेना’वर मी बोलू शकतो, तो माझा धंदाच आहे.

ताई, ‘छापेना’ला इंग्रजीत ‘वोन्ट’ म्हणतात.

‘वोन्ट’ म्हणजे ‘विल नॉट’, म्हणजे भविष्यकाळ, असं शिकवतात. पण गिऱ्हाईक जेव्हा लिहितं ‘द प्रिंटर वोन्ट प्रिंट’, तेव्हा ते उद्याचं भाकीत करत नसतं. यंत्र हट्टाला पेटलंय, काही केल्या ऐकत नाही, असं ते सांगत असतं. ‘द कव्हर वोन्ट ओपन’, झाकण उघडेना. ‘द ट्रे वोन्ट स्लाइड इन’, ट्रे आत सरकेना. ‘डझन्ट प्रिंट’ म्हणजे ‘छापत नाही’. यात स्वभाव सांगितलाय: ‘इट डझन्ट प्रिंट इन कलर’, म्हणजे त्याच्यात रंगीत सोयच नाही. बिघाड नाही. हा फरक मला कामाच्या दृष्टीने फार मोठा आहे. ‘डझन्ट’ वाचलं तर मी आधी मॉडेल बघतो, ‘वोन्ट’ वाचलं तर पेचकस घेतो. आणि काल छापेना असं सांगायचं तर ‘वुडन्ट’. मराठीत ‘छापेना’ आज-काल दोन्हीला चालतं, तिथे इंग्रजीत दोन रूपं आहेत.

आता पुस्तकाबद्दल. जुनाशिफ्ट काकांचं पटलं, पण एक सावधगिरी. यंत्रावरचं इंग्रजी वाचून शिकत असाल तर ते जसंच्या तसं उचलू नका. पडद्यावर जागा कमी असते म्हणून ‘द’, ‘अ’, ‘इज’ सगळं कापून टाकलेलं असतं. ‘रिमूव्ह पेपर फ्रॉम ट्रे’ हे पडद्यावर शोभतं. मेलमध्ये ‘आय रिमूव्ह्ड द पेपर फ्रॉम द ट्रे’. मी पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकांना पडद्याच्या भाषेत मेल लिहायचो. ‘चेक्ड ट्रे. फाउंड जॅम. रिमूव्ह्ड.’ लोकांना वाटायचं मी रागावलोय.

हे कापलेलं इंग्रजी वाचणं हीसुद्धा कला आहे. जुन्या एका लेझर प्रिंटरवर संदेश यायचा: ‘पीसी लोड लेटर’. लोक वेडे व्हायचे. पीसी म्हणजे संगणक, लेटर म्हणजे पत्र, मग संगणकात पत्र भरायचं की काय? खरं तर ‘पीसी’ म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. ‘लोड’ म्हणजे भरा, हे आज्ञार्थी क्रियापद. ‘लेटर’ म्हणजे लेटर आकाराचा कागद, साडेआठ बाय अकरा इंचांचा. ए४ त्याहून वेगळा, २१० बाय २९७ मिलिमीटर. यंत्र लेटर मागत बसायचं आणि समोर ए४ चा गठ्ठा. तीन शब्दांत व्याकरण असं: कुठे, काय करा, कशाने. यातलं क्रियापद कुठलं हे एकदा ओळखलं की कोडं सुटतं. मी अजूनही नवीन संदेश दिसला की आधी क्रियापद शोधतो.

आणि क्रियापदच नसेल तर? ‘टोनर कार्ट्रिज रिप्लेसमेंट वॉर्निंग लाइट.’ पाच नामं एकापुढे एक. घाबरायचं नाही, आपल्या समासासारखं शेवटून वाचायचं. शेवटचा शब्द मुख्य: लाइट. कसला? वॉर्निंगचा. कसली वॉर्निंग? रिप्लेसमेंटची. कशाची रिप्लेसमेंट? कार्ट्रिजची. ‘राजवाडा’ हा शेवटी वाडा असतो, राजा नव्हे, तसंच. ‘पेपर ट्रे’ हा ट्रे, आणि ‘ट्रे पेपर’ म्हटलंत तर तो कागद. ताई, एका मेलमध्ये ‘पेपर ट्रे’ ऐवजी ‘ट्रे पेपर’ तुटलाय असं वाचून मी ट्रे न घेता गेलो होतो. दोन खेपा पडल्या.

अजून एक रोजची खोड. ‘लॉग इन’ आणि ‘लॉगइन’. सुटं लिहिलं तर क्रियापद, जोडून लिहिलं तर नाम. ‘सेट अप’, ‘बॅक अप’, ‘शट डाउन’ सगळ्यांचं हेच. शंका आली तर भूतकाळ करून बघायचा. ‘आय लॉग्ड इन’ बरोबर वाटतं, ‘आय लॉगइन्ड’ कानाला टोचतं. म्हणजे क्रियापद सुटंच.

शेवटचं, व्याकरणाबाहेरचं. तुमच्या मेलमध्ये मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? ‘सकाळपासून बंद आहे’ म्हणता आणि ‘कालही तक्रार केली’ म्हणता. काल बंद होता की नव्हता?

आवकजावक

अय्या, खरंच की. काल कागद दोनदा अडकला होता, पण मी काढला आणि चालू झाला. आज सकाळपासून मात्र ढिम्म. ही दोन वेगळी दुखणी आहेत हे लिहायलाच विसरले. माझ्या डोक्यात होतं ना, म्हणून कागदावरही आहे असं वाटलं.

टोनरकाळेहात

बघा, ही माहिती मिळाली असती तर मी कागद आत ओढणारा रोलर घेऊन आलो असतो. ‘अ’ आणि ‘द’ चुकलेले मला चालतात.

शंकेखोर

अभ्यासू धागा. मी थोडं वाकडं बोलणार आहे.

जुनाशिफ्ट म्हणतात ओळखीचा विषय बरा. व्याकरणासाठी बरा, मान्य. वाचनासाठी तो धोक्याचा आहे. ताई, तुमचे जे एक-दोन गुण जातात ते कुठल्या प्रश्नांत जातात? माझा अंदाज, ‘चूक की बरोबर’मध्ये.

आवकजावक

हो! तुम्हाला कसं कळलं? टाइपरायटरच्या उताऱ्यात असा प्रश्न होता: ‘टायपिस्टचा वेग कमी करण्यासाठी कीबोर्डची अक्षरं अशी मांडली.’ मी ‘बरोबर’ लिहिलं, कारण हे मी शाळेपासून ऐकत आलेय. उत्तर होतं ‘उताऱ्यात तसं म्हटलेलं नाही’. मला वाटलं पुस्तकच चुकलंय.

शंकेखोर

तो उतारा परत काढा आणि क्रियापदं बघा. ‘मे हॅव बीन’, ‘इट इज ऑफन सेड दॅट’ असलं काही आहे का?

आवकजावक

थांबा, पुस्तक समोरच आहे. ‘द लेआउट मे हॅव बीन डिझाइन्ड टू कीप द टाइप बार्स फ्रॉम जॅमिंग.’ वेगाचं काहीच नाही! मी ‘मे हॅव बीन’ हे ‘वॉज’ म्हणून वाचलं आणि ‘जॅमिंग’च्या जागी मला ठाऊक असलेली गोष्ट घातली.

शंकेखोर

नेमकं हेच. लेखकाने हातचं राखून लिहिलंय, ‘असं असावं’, आणि तुम्ही ‘असं आहे’ वाचलंत. तो राखून का लिहितो याला कारण आहे. टाइपरायटर बनवणाऱ्या शोल्सच्या यंत्राचं पेटंट १८६८ चं, रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणलं १८७४ मध्ये. मधल्या काळात अक्षरांची मांडणी बदलत गेली आणि ती नेमकी कशासाठी बदलली यावर अजून वाद आहे. वारंवार जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली म्हणावं, तर ‘ई’ आणि ‘आर’ शेजारीशेजारी बसलेत, आणि इंग्रजीत ही जोडी पावलोपावली येते. म्हणून ‘मे हॅव बीन’.

माझी सूचना छोटी आहे. उत्तर लिहिण्याआधी ज्या वाक्यात ते सापडलं त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला वाक्य सापडलं नाही, तर ते उत्तर तुमच्या डोक्यातून आलंय, उताऱ्यातून नाही.

जुनाशिफ्ट

शंकेखोर, तुमचा मुद्दा मान्य. मीही गेली चाळीस वर्षं तीच वेगाची गोष्ट सांगत होतो. यंत्राचे दांडे अडकायचे हे मात्र स्वतःच्या बोटांनी सांगतो.

‘शिफ्ट’ हा शब्दही असाच डोळ्यांसमोरून निसटतो. पहिलं यंत्र फक्त मोठ्या लिपीत छापायचं. १८७८ च्या मॉडेलमध्ये लहान-मोठी दोन्ही अक्षरं आली, आणि कळ दाबली की यंत्राचा भाग खरोखरच सरकायचा, म्हणून ‘शिफ्ट’. आज काहीच सरकत नाही, शब्द तेवढा राहिलाय. ‘टाइपरायटर’ हा शब्द तर त्या काळी यंत्रालाही होता आणि ते चालवणाऱ्या माणसालाही. ‘कॉम्प्युटर’ म्हणजे तर आधी हिशेब करणारा माणूसच. जुन्या काळावरचा उतारा असेल तर ‘द कॉम्प्युटर्स वेअर टायर्ड’ असं वाक्य भेटू शकतं. तिथे दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.

मोकळावेळ

मी सुरुवातीला जरा तुटक बोललो. ‘वोन्ट’चं मलाही माहीत नव्हतं. रोज बोलतो, पण का ते आज कळलं. एक शंका: ‘सॉफ्टवेअर्स’, ‘इक्विपमेंट्स’ चालतं का? आमच्याकडे सगळे लिहितात.

टोनरकाळेहात

लिहितात सगळे, पण चालत नाही. ‘सॉफ्टवेअर’, ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ मोजता येत नाहीत. मोजायचेच असतील तर ‘टू पीसेस ऑफ इक्विपमेंट’. आणि ‘पेपर’ सांभाळून. ‘पेपर’ म्हणजे कागद हा पदार्थ, तो मोजत नाहीत, ‘शीट्स’ मोजायच्या. ‘पेपर्स’ म्हटलं की ती कागदपत्रं झाली. ‘द पेपर्स आर स्टक इन द मशीन’ असा मेल आला की मला वाटतं कोणाचे तरी महत्त्वाचे दस्तऐवज अडकलेत, आणि मी धावत येतो.

आवकजावक

मंडळी, चार दिवसांनी आले. काकांची दोन दिवसांची रीत करून पाहिली. फॅक्सच्या उताऱ्यातली पाच वाक्यं मराठीत केली, वही कपाटात ठेवली, तिसऱ्या दिवशी परत इंग्रजी केलं. अकरा ठिकाणी फरक. त्यातले सात ‘द’. गोवर आलाच. पण ‘हॅड ऑलरेडी’ बरोबर आलं, न बघता!

मेल नव्याने लिहिला तो असा:

‘डिअर सर, द प्रिंटर निअर द विंडो जॅम्ड ट्वाइस यस्टरडे. आय रिमूव्ह्ड द पेपर बोथ टाइम्स. टुडे इट वोन्ट प्रिंट ॲट ऑल, अँड द रेड लाइट इज ऑन. आय हॅव चेक्ड पेपर ट्रे. प्लीज सेंड समवन.’

जुनाशिफ्ट

‘चेक्ड द पेपर ट्रे’. एक ‘द’ निसटला. बाकी मी असतो तर सहाही प्रती तशाच जाऊ दिल्या असत्या.

टोनरकाळेहात

लाल दिवा सांगितलात, शाबास ताई! अडकलेला कागद पुढच्या बाजूने काढला की मागच्या? तेवढं एक वाक्य टाका, मग रोलरची खात्री होईल.

आवकजावक

मागच्या. पण आता उपयोग नाही हो. मेल लिहून, ‘द’ घालून, पुन्हा एकदा वाचून पाठवणार तेवढ्यात देखभालीचा माणूस दुसऱ्याच कामासाठी आला आणि जाता जाता दुरुस्त करून गेला. रोलरच होता.

मी तरीही मेल पाठवला. फक्त ‘वोन्ट’चं ‘वुडन्ट’ केलं, ‘इज ऑन’चं ‘वॉज ऑन’, आणि शेवटी ‘इट इज वर्किंग नाऊ’ जोडलं. या वेळी साहेबांनी काही पुसलं नाही.